मोजपट्टी आपल्या माणसांची हवी

(युवा अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘तंत्रज्ञान आणि आरोग्य’ असा विषय दिला होता. एवढा मोठा विषय चाळीस मिनिटांत संपणार नाही, म्हणून मी त्यातला एकच प्रश्न घेतोय. एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाच्या स्मरणशक्तीची, लक्षाची, विचार करण्याच्या वेगाची चाचणी घेतात. डॉक्टर तिला कॉग्निटिव्ह टेस्ट म्हणतात. ही चाचणी कशी होते, तिच्या गुणांचा अर्थ काय, आणि त्या गुणांचा उपयोग कोण कशासाठी करतं, एवढंच आज बोलू.

आधी एक सांगतो. मी डॉक्टर नाही. मी कॉम्प्युटर इंजिनिअर आहे, वय छत्तीस, पुण्यात नोकरी करतो. माझं रोजचं काम म्हणजे मोठमोठ्या सर्व्हरवर लक्ष ठेवणारी यंत्रणा लिहिणं. काही बिघडलं की ती यंत्रणा घंटा वाजवते. घंटा खरी कधी आणि खोटी कधी, हे ओळखण्यात माझी बारा वर्षं गेली आहेत. त्यामुळे आमच्या घरात एक चाचणीचा कागद आला, तेव्हा मी तो याच नजरेनं वाचायला लागलो आणि मग वाचतच गेलो.

तो कागद माझ्या खालाचा होता. तिच्या परवानगीनं बोलतोय. तिचं नाव, गाव आणि ओळख पटेल अशा एकदोन गोष्टी मी बदलल्या आहेत.

खालाला एचआयव्ही आहे हे खालूंच्या आजारपणात कळलं. खालू गेले, ती राहिली. एआरटीची गोळी ती वर्षानुवर्षं एकही दिवस न चुकवता घेते. तिचा व्हायरल लोड इतका कमी आहे की तपासणीत विषाणू मोजता येत नाही. शाळा चौथीपर्यंत, तीही उर्दू. घरात दखनी बोलते, बाजारात मराठी. पिको-फॉल आणि शिवणकाम करते, बायकांची भिशी चालवते. भिशीच्या वहीत कोणाचे किती हप्ते राहिलेत, हे तिला वही न उघडता सांगता येतं.

मध्यंतरी तिची झोप कमी झाली, वस्तू कुठे ठेवल्या ते आठवेना. शेजारणीनं सांगितलं म्हणून ती एका खासगी दवाखान्यात गेली. तिथे एका मुलानं टॅबलेट समोर धरून हिंदीतून पंधरा मिनिटं प्रश्न विचारले. ३० पैकी १८ गुण. कागदावर छापून आलं, ‘कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट’. तिच्या धाकट्या दिरानं तो कागद पाहिला. घराच्या वाटणीचा विषय आधीपासून होताच. आठ दिवसांत नातेवाइकांत बोललं जाऊ लागलं, ‘बीमारी डोक्यात गेली, आता भाभीला काही समजत नाही, सह्या आपणच करून घेऊ.’

पंधरा मिनिटांच्या चाचणीवरून एका बाईचा तिच्या घरावरचा शब्द काढून घ्यायची तयारी सुरू झाली होती. म्हणून हा विषय मला फक्त वैद्यकीय वाटत नाही.

आता मुळापासून बघू. अशी चाचणी करतातच कशाला?

कारण एचआयव्हीचा मेंदूशी खरोखर संबंध आहे. संसर्ग झाल्यावर फार लवकर हा विषाणू मेंदूपर्यंत पोहोचतो. तो मेंदूच्या मुख्य पेशींमध्ये, म्हणजे न्यूरॉनमध्ये, सहसा शिरत नाही. मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशींमध्ये तो घर करतो. त्यामुळे जी सूज आणि जी रसायनं तयार होतात, त्यांनी न्यूरॉनना इजा होते. औषधं नव्हती त्या काळात आजार पुढच्या टप्प्यावर गेलेल्या अनेकांना गंभीर स्मृतिभ्रंश व्हायचा. चालणं अडखळायचं, बोलणं मंद व्हायचं, माणूस घरच्यांना परका वाटायला लागायचा.

औषधांनी हे चित्र बदललं. आपल्याकडे १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटी मोफत मिळू लागली. २०१७ पासून सीडी-४ कितीही असला तरी निदान झाल्याबरोबर उपचार सुरू करायचे, असं धोरण आलं. आज गोळी नियमित घेणाऱ्या माणसात तो जुना, गंभीर स्मृतिभ्रंश क्वचित दिसतो. पण सौम्य तक्रारी राहतात. विचाराचा वेग थोडा कमी होतो, एका वेळी दोन कामं जमत नाहीत, ऐकलेलं लगेच आठवत नाही. ज्यांचे उपचार उशिरा सुरू झाले, सीडी-४ एकदा फार खाली गेला होता, त्यांच्यात हे जास्त आढळतं.

अमेरिकेत ‘चार्टर’ नावाचा मोठा अभ्यास झाला, २०१० साली तो प्रसिद्ध झाला. १,५५५ जणांना तपासलं होतं. स्मृतिभ्रंश म्हणावा अशी अवस्था सुमारे २ टक्के लोकांत निघाली. रोजच्या कामात थोडा अडथळा येतो, असे १२ टक्के. आणि ३३ टक्के असे होते की चाचणीत गुण कमी, पण रोजच्या जगण्यात काही अडत नाही.

हा ३३ टक्क्यांचा आकडा लक्षात ठेवा. सगळा वाद त्याच्यावर आहे.

‘गुण कमी’ म्हणजे काय, हे ठरवणारे निकष २००७ साली प्रसिद्ध झाले. इटलीतल्या फ्रास्काती गावी तज्ज्ञांची बैठक झाली होती, म्हणून त्यांना फ्रास्काती निकष म्हणतात. मेंदूच्या कामाचे निदान पाच विभाग तपासायचे, जसं लक्ष, स्मरण, भाषा, वेग, हातांची हालचाल. त्यातल्या किमान दोन विभागांत गुण सरासरीपेक्षा एक प्रमाण विचलनानं खाली असले, तर ते कमी समजायचे.

अकरावी-बारावीचं संख्याशास्त्र आठवा. सामान्य वितरणात एक प्रमाण विचलनापेक्षा खाली किती लोक असतात? सुमारे १६ टक्के. म्हणजे कुठल्याही निरोगी शंभर जणांना एका विभागात तपासलं, तर सोळा जण ‘खाली’ निघणारच. रेषाच तिथे आखलीय.

आता पाच विभाग घ्या आणि निदान दोन ठिकाणी खाली येण्याची शक्यता काढा. मी एका संध्याकाळी चार ओळींचा प्रोग्राम लिहून बघितलं. पाचही विभाग एकमेकांपासून स्वतंत्र धरले तर उत्तर येतं १८ टक्के. शंभर ठणठणीत माणसांपैकी अठरा जण ‘बिघाड आहे’ या यादीत. माणसाची स्मरणशक्ती आणि त्याचं लक्ष पूर्णपणे स्वतंत्र नसतात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा थोडा इकडेतिकडे होईल. पण मुद्दा बदलत नाही. स्वीडनमधल्या माग्नुस गिसलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हाच आक्षेप घेतला होता. निरोगी लोकांपैकी जवळपास पाचातला एक जण या निकषांत अडकू शकतो, मग एचआयव्ही असलेल्यांमधलं प्रमाण आपण फुगवून तर सांगत नाही ना, असा त्यांचा प्रश्न होता.

हा वाद बरीच वर्षं चालला. २०२३ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटानं नव्या शिफारशी मांडल्या. त्यांचं म्हणणं सोप्या भाषेत असं: चाचणीत कमी गुण मिळणं ही एक गोष्ट, मेंदूत बिघाड असणं ही दुसरी. नुसत्या गुणांवरून बिघाडाचा शिक्का मारायचा नाही. माणसाला स्वतःला काही त्रास जाणवतोय का, आधीपेक्षा काही बदललंय का, त्याचं शिक्षण, त्याची परिस्थिती, त्याचे बाकीचे आजार काय, हे सगळं बघून मग बोलायचं.

माझ्या धंद्यातला कोणीही इंजिनिअर हेच सांगेल. घंटा वाजली म्हणजे सर्व्हर बंद पडला असं नसतं. घंटा वाजली म्हणजे उठून बघायचं.

आता प्रत्यक्ष चाचण्या बघू. एक छोटी चाचणी एचआयव्हीसाठीच बनवली आहे, ‘इंटरनॅशनल एचआयव्ही डिमेन्शिया स्केल’. २००५ साली ती प्रसिद्ध झाली. अमेरिकेत आणि युगांडात ती तपासून पाहिली होती. हेतू चांगला होता. जिथे मेंदूचा तज्ज्ञ नाही, रुग्णाला इंग्रजी येत नाही, तिथेही नर्सला किंवा समुपदेशकाला ती घेता यावी.

यात तीनच गोष्टी. आधी चार शब्द सांगतात: कुत्रा, टोपी, घेवडा, लाल. मग अंगठा आणि तर्जनी पाच सेकंद भराभर एकमेकांवर आपटायची. नंतर टेबलावर मूठ, मग तळवा, मग हाताची कड, हा क्रम दहा सेकंद करायचा. शेवटी ते चार शब्द विचारतात. प्रत्येक भागाला ४, एकूण १२ गुण. १० किंवा त्याहून कमी आले तर पुढे तपासा, असा अर्थ. तुम्ही आता करून बघताय ते दिसतंय मला. करा, पण शेजाऱ्याचे गुण मोजू नका.

ही चाचणी किती बरोबर सांगते? मूळ अभ्यासात युगांडामध्ये खरोखर स्मृतिभ्रंश असलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोक तिनं पकडले. आणि ज्यांना तो नव्हता, त्यांच्यापैकी सुमारे ५५ टक्के लोकांनाच तिनं ‘ठीक’ म्हटलं. आता हिशोब करू. समजा शंभर जण आले आणि त्यातल्या दहा जणांना खरा आजार आहे. दहापैकी आठ पकडले, दोन सुटले. उरलेल्या नव्वदमधल्या साधारण चाळीस जणांनाही घंटा वाजली. म्हणजे घंटा वाजलेले अठ्ठेचाळीस, त्यातले खरे फक्त आठ.

ही चाचणी वाईट आहे असं मी म्हणत नाही. ती चाळणी आहे. चाळणीत अडकलेलं पुढे निवडावं लागतं. अडकलेलं सगळं खडेच समजून फेकून द्यायचं नसतं.

दुसरी प्रसिद्ध चाचणी म्हणजे ‘मोका’, माँट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट. ती कॅनडातल्या माँट्रियलमध्ये तयार झाली, २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. ३० गुण, आणि २६ च्या खाली आलं तर शंका. बारा वर्षं किंवा त्याहून कमी शिकलेल्या माणसाला एक गुण वाढवून देतात. बारावी झालेल्यालाही एक आणि चौथीत शाळा सुटलेल्या माझ्या खालालाही एकच.

अमेरिकेत डॅलस शहरात सर्वसाधारण लोकसंख्येतल्या अडीच हजारांहून जास्त लोकांना ही चाचणी दिली. तो अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांची सरासरीच २६ च्या खाली निघाली. माँट्रियलची रेषा डॅलसला लागू पडली नाही. मग ती आपल्या गावाला लागू पडेल?

खालाला दिलेली चाचणी याच घराण्यातली होती. तिचे गुण कुठे गेले ते मी एकेक करून बघितलं.

एका घनाचं चित्र बघून तसंच काढायचं होतं. तिला ते जमलं नाही. ज्यानं शाळेत भूमिती केलीय त्याचा हात सपाट कागदावर खोली दाखवायला शिकलेला असतो. ही बाई मापाशिवाय ब्लाऊजचं कापड कापते, पण घनाचा गुण गेला.

आकडा आणि अक्षर आलटून पालटून जोडायचे होते. अक्षरं देवनागरी. ती उर्दू शाळेतली, उजवीकडून डावीकडे लिहायला शिकलेली. देवनागरी वाचते, पण दुकानाच्या पाट्यांपुरती.

शंभरातून सात-सात वजा करायचे होते. ९३, ८६, ७९, ७२, ६५. आता हे आकडे मोठ्यानं म्हणून बघा. मराठीत त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. तिनं पाढे उर्दूत पाठ केले, बाजारात हिशोब मराठीत करते आणि प्रश्न आला हिंदीत. ती एकदा ‘उन्यासी’ म्हणून थांबली, मग स्वतःच दुरुस्त करायला गेली आणि धागा सुटला.

एका मिनिटात ‘क’ पासून सुरू होणारे शब्द सांगायचे होते. तिनं विचारलं, ‘कौनसा क?’ मुलाला वाटलं हिला प्रश्नच कळला नाही. पण उर्दूत काफ आणि क़ाफ ही दोन वेगळी अक्षरं आहेत. कागज काफनं सुरू होतो, कलम क़ाफनं. तिचा प्रश्न त्या मुलाच्या समजुतीपेक्षा शहाणा होता. मिनिट मात्र त्यातच गेलं.

आणि शेवटचं. रेल्वे आणि सायकल यांच्यात सारखं काय? ती म्हणाली, ‘दोनों को चाकां रहते.’ नियमाप्रमाणे या उत्तराला गुण नाही. ‘दोन्ही प्रवासाची साधनं आहेत’ असं म्हटलं तरच गुण. वस्तूंना अशा वर्गात बसवून बोलणं ही शाळेची सवय आहे. चाकं असतात हे काही चुकीचं नाही ना?

मात्र तारीख, वार, गाव सगळं बरोबर होतं. पाच शब्दांपैकी तीन आठवले. प्राण्यांची नावं बरोबर. म्हणजे ती चाचणी बऱ्याच प्रमाणात तिची शाळा मोजत होती, आणि कागदावर नाव मात्र मेंदूचं होतं.

आता तुमच्याबद्दल बोलतो. या शिबिरात रत्नागिरीकडची मुलं आहेत, त्यांच्या घरी कोकणी बोलतात. सोलापूर, मराठवाड्याकडची आहेत, त्यांच्या घरी दखनी. मालेगाव, भिवंडीची आहेत, त्यांची उर्दू. बहुतेकांची शाळा मराठी. फॉर्मवर मातृभाषेच्या रकान्यात काय लिहायचं, यावर आपल्या घरात भावाभावांत एकमत नसतं. मग आपल्या आईची स्मरणशक्ती कुठल्या भाषेत तपासायची? अगदी साधा प्रश्न आहे, पण चाचणी घेणाऱ्यानं तो आधी विचारायला हवा.

याचा विचार जगात झालेलाच नाही असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं एचआयव्ही आणि मेंदू यांवर बँकॉक, किन्शासा, म्युनिक, नैरोबी आणि साओ पाउलो या पाच शहरांत अभ्यास केला होता. त्यासाठी अक्षरांऐवजी रंग वापरणारी चाचणी तयार झाली, ‘कलर ट्रेल्स’. त्यात आकडे जोडायचे, पण गुलाबी आणि पिवळा रंग आलटून पालटून. अक्षर ओळख लागत नाही. शब्द लक्षात ठेवायच्या चाचणीसाठी शरीराचे अवयव, प्राणी, हत्यारं, घरातल्या वस्तू, वाहनं असे शब्द निवडले, जे सगळीकडच्या माणसांना माहीत असतात. हाताचा वेग मोजायला खाचा असलेल्या पंचवीस खुंट्यांची पाटी असते. खुंटी फिरवून भोकात बसवायची. तिथे भाषा मधे येतच नाही.

आपल्या पुण्यातही काम झालंय. भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था १९९२ मध्ये सुरू झाली, सगळे तिला ‘नारी’ म्हणत. तिथल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या विद्यापीठाबरोबर मराठी बोलणाऱ्यांवर या चाचण्या केल्या. मराठी आणि हिंदी दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाच्या गुणांवर त्या दोन भाषांचा काय परिणाम होतो, यावर २०१२ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. हा प्रश्न पुण्यात कोणीतरी विचारला होता, हे वाचून मला फार बरं वाटलं.

आता या सगळ्यातला गाभा सांगतो. कुठलीही चाचणी माणसाची तुलना कोणाशी तरी करते. ‘सरासरीपेक्षा खाली’ म्हटलं की विचारा, कोणाच्या सरासरीपेक्षा? ती सरासरी निरोगी लोकांना तासन् तास बसवून, त्यांचं वय, शिक्षण, भाषा नोंदवून काढावी लागते. एचआयव्ही नसलेल्या लोकांना. म्हणजे तुमच्यामाझ्यासारख्यांना. चौथी शिकलेल्या, दखनी बोलणाऱ्या, पन्नाशीच्या निरोगी बायका त्या यादीत नसतील, तर माझ्या खालाची तुलना कोणाशी होणार? माँट्रियलच्या पदवीधराशी होणार. मोजपट्टी आपल्या माणसांची नसेल तर माप आपलं कसं म्हणायचं?

खालाचं पुढे काय झालं ते सांगतो. आम्ही तिला सरकारी रुग्णालयात नेलं. तिथल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी दोन वेळा बोलावलं. पहिल्या दिवशी चाचणी घेतलीच नाही, नुसत्या गप्पा मारल्या. घर कसं चालतं, गोळ्या कोण आठवतं, भिशीचा हिशोब कोण ठेवतं. दखनी समजणारी एक नर्स सोबत बसवली. चष्म्याचा नंबर तपासायला लावला. डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या केल्या. बी-१२ खूप कमी निघालं. झोप नव्हती, मन खचलेलं होतं, कारण घराचा वाद सुरू होता. कमी बी-१२, थायरॉइड, रक्तक्षय, नैराश्य, यातल्या कशानंही विसरायला होतं, आणि या सगळ्यांवर इलाज आहे. एफाविरेन्झ नावाच्या जुन्या गोळीनं काहींची झोप बिघडायची, विचित्र स्वप्नं पडायची. आता बहुतेकांना डोल्युटेग्राव्हिरची गोळी मिळते. कोणती गोळी चालू आहे हेही डॉक्टर बघतात.

चार महिन्यांनी पुन्हा चाचणी झाली. स्मरण तिच्या वयाला, तिच्या शिक्षणाला साजेसं. वेग थोडा मंद, तो मंदच राहिला. बाईंनी अहवालात तसंच लिहिलं आणि खाली एक वाक्य जोडलं, ‘स्वतःचे व्यवहार समजून निर्णय घेण्यास सक्षम.’ घराचा वाद अजून मिटलेला नाही. पण आता बोलणी तिला समोर बसवून होतात.

यात कायदा काय म्हणतो तेही माहीत असू द्या. एचआयव्ही आणि एड्स कायदा २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय एखाद्याची एचआयव्ही स्थिती उघड करायला त्यानं मनाई केलीय, काही मोजके अपवाद सोडले तर. राहत्या घरातून काढून टाकण्यापासून संरक्षण दिलंय. मानसिक आरोग्य सेवा कायदाही २०१७ चाच. मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून माणूस ‘अनसाउंड माइंड’चा ठरत नाही, ते सक्षम न्यायालयानं जाहीर करावं लागतं, असं त्यात लिहिलंय. आणि १८७२ चा करार कायदा विचारतो ते एवढंच, की करार करताना त्या माणसाला तो समजत होता का आणि स्वतःचं भलंबुरं ठरवता येत होतं का. ३० पैकी १८ हे या प्रश्नाचं उत्तर नाही.

एक गोष्ट उलट बाजूनं सांगायला हवी, नाहीतर तुम्ही घरी जाऊन म्हणाल की चाचण्या सगळ्या फालतू. तसं नाही. एचआयव्हीसह जगणारा आपला माणूस अचानक गोंधळायला लागला, चालताना तोल जातोय, स्वभाव पार बदललाय, तापासोबत डोकं खूप दुखतंय, गोळ्या विसरायला लागलाय, तर एक दिवसही थांबू नका. टीबीचा किंवा बुरशीचा मेंदूज्वर असू शकतो, औषध काम करत नसेल असंही होऊ शकतं. वेळेत पकडलं तर उपचार आहेत. ‘त्या बीमारीत असं होतंच’ म्हणून घरात बसवून ठेवणं हा दुसऱ्या टोकाचा अन्याय आहे. चाचणी हवीच. उपचार सुरू होतानाच एकदा व्हावी आणि पुढे अधूनमधून, म्हणजे माणसाची तुलना त्याच्या स्वतःच्याच आधीच्या गुणांशी करता येईल. ही सगळ्यात चांगली मोजपट्टी. मात्र तीच चाचणी पुन्हा दिली की सवयीनं गुण वाढतात, हेही धरून चालावं लागतं.

आपल्या समाजात हे बोलणं का अवघड जातं ते तुम्हाला माहीत आहे. एचआयव्ही म्हटलं की आधी चारित्र्यावर बोट जातं. लग्नाच्या नवऱ्याकडून संसर्ग झालेल्या कितीतरी बायका आहेत, त्यांनाही उत्तरं द्यावी लागतात. त्यावर ‘डोकं गेलं’ हा दुसरा शिक्का बसला की त्या बाईनं काही सांगितलं तरी कोणी ऐकत नाही. देशात आज सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगताहेत आणि त्यातले सर्वाधिक महाराष्ट्रात आहेत. औषधांमुळे ते म्हातारे होणार आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. म्हातारपणी सगळ्यांनाच थोडंफार विसरायला होतं. म्हणजे हा प्रश्न येत्या वर्षांत आणखी घरांत येणार.

म्हणून तुमच्याकडे तीन मागण्या करतो.

पहिली. तुमच्या शहरातल्या संशोधन संस्थेला, मेडिकल कॉलेजला अशा चाचण्यांसाठी निरोगी स्वयंसेवक हवे असतील तर जा. आणि एकटे जाऊ नका. अम्मीला न्या, फुफूला न्या, कमी शिकलेल्या शेजाऱ्याला न्या. संमतीपत्र नीट वाचून त्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगा. दोन-तीन तास जातील. तुमच्यामुळे ती सरासरी थोडी आपली होईल.

दुसरी. घरातल्या कोणाची अशी चाचणी होणार असेल तर सोबत जा आणि नम्रपणे चार प्रश्न विचारा. चाचणी कुठल्या भाषेत घेणार? तुलना कोणाशी करणार? चष्मा, कान, झोप, रक्त तपासलंय का? अहवाल कोणाच्या हातात देणार? शेवटच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर एकच आहे: ज्याची चाचणी, त्याच्या हातात.

तिसरी मागणी इंजिनिअरिंग, आयटी करणाऱ्यांकडे. पुढच्या काही वर्षांत अशा चाचण्या मोबाइलवर येतील, तुमच्यापैकीच कोणीतरी त्या लिहील. तेव्हा भाषांतर करून थांबू नका. बटणावरचं वाक्य बदललं म्हणजे चाचणी मराठी होत नाही. आकडा दाखवण्याआधी तो कोणत्या माणसांशी ताडून काढलाय ते दाखवा. तशी माणसं यादीत नसतील तर ‘बिघाड’ असं छापू नका, ‘पुढे तपासणी करा’ एवढंच छापा. एका शब्दाचा फरक आहे, पण तो कागद कोणाच्या हाती पडेल हे आपल्याला माहीत नसतं.

एचआयव्हीबद्दल काहीही विचारायचं असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे. लिहून घ्या, आत्ता लागणार नाही असं वाटलं तरी.

प्रश्नांसाठी वेळ ठेवलाय. ज्यांना सगळ्यांसमोर विचारायचं नसेल त्यांनी चहाच्या वेळी भेटा.